गाडी अलीकडे, पाऊल पलीकडे

नदीपलीकडच्या माणसाचे आजार नदीअलीकडच्या माणसासारखेच असतात. मधुमेह तोच, रक्तदाब तोच, झिजलेले गुडघेही तेच. वेगळी असते ती दवाखान्याची वाट. गेली पंचवीस वर्षे मी जुने गोवे परिसरात वैद्यकीय व्यवसाय करीत आहे आणि माझ्या रुग्णांत मांडवी नदीतील दिवाडी व चोडण या बेटांवरची कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांच्या केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्या जोडीला मी आणखी एक नोंद करतो : नदी कशी ओलांडतात? पायी, दुचाकीवर, की मोटारीतून? औषधांच्या वेळा ठरवताना, पुढच्या तपासणीची तारीख देताना आणि व्यायामाचा सल्ला देताना ही नोंद मला फार उपयोगी पडते.

ज्यांनी ही बेटे पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता थेट फेरीबोटीच्या धक्क्यावर उतरतो. पलीकडे दिवाडीवर पाऊल ठेवले की खाजन शेतांमधून जाणारी अरुंद वाट पिएदाद गावाच्या टेकडीकडे नेते. बेटाच्या दुसऱ्या अंगाला आणखी एक फेरीबोट आहे. ती डिचोली तालुक्यातील नार्वेशी जोडते. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान या दिवाडीवर होते. पोर्तुगीज राजवटीत ते उद्ध्वस्त झाल्यावर देवही नदी ओलांडून नार्व्याला गेला आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. चोडणला रायबंदरहून फेरीबोट जाते. धक्क्यालगतच्या खारफुटीत डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. चोडणला मयेच्या बाजूने जमिनीवरूनही जाता येते. परंतु पणजीकडे निघालेल्याला तो वळसा लांबचा पडतो. मधले पाणी जेमतेम पाच-दहा मिनिटांचे. पायी जाणाऱ्याला भाडे नाही आणि त्याला रांगेतही फारसे थांबावे लागत नाही. थांबावे लागते ते मोटारीला.

मोटारी वाढल्या, यात कोणाचा दोष नाही. बेटावरच्या मुलांना शहरात नोकऱ्या लागल्या, हाती पैसा आला, घरापुढे गाडी आली. शनिवार-रविवारी बेट पाहायला येणाऱ्यांच्या मोटारी त्यात मिसळल्या. लहान मोटार घेतली तरी तिची लांबी सुमारे पावणेचार मीटर आणि रुंदी पावणेदोन मीटर असते. दारे उघडण्यापुरती मोकळी जागा धरली, तर ती फेरीबोटीचा आठ-नऊ चौरस मीटर भाग व्यापते. तेवढ्या जागेत पंधरा माणसे मोकळेपणाने उभी राहतात किंवा चार-पाच स्कूटर मावतात. त्या मोटारीत मात्र बहुतेक वेळा एकच माणूस बसलेला असतो, फार तर दोन. २०२५ च्या जुलैत रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो फेरीबोटी सुरू झाल्या आणि एका खेपेत पूर्वीपेक्षा बरीच अधिक वाहने जाऊ लागली. सोय झाली हे खरेच. पण बोट रुंद झाली म्हणून बेटावरचे रस्ते रुंद होत नाहीत. खाजनातून बांधावरून जाणाऱ्या वाटेवर समोरासमोर आलेल्या दोन मोटारींपैकी एकीला मागे सरावेच लागते.

या विषयाकडे मी वैद्य म्हणून का पाहतो, त्याला एक प्रसंग कारण आहे. काही वर्षांपूर्वी सणाच्या दिवसांत बेटावरच्या माझ्या एका रुग्णाच्या, साठी ओलांडलेल्या गृहस्थांच्या, छातीत दुखू लागले. मुलाचा फोन आला. हृदयविकाराचा झटका असावा अशी लक्षणे होती. घरातली ॲस्पिरिन चघळायला द्यायला सांगितली आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली गेली. फेरीबोटीवर रुग्णवाहिकेला पहिला मान असतो आणि तो त्या दिवशीही मिळाला. अडचण त्याच्या अलीकडे होती. धक्क्याकडे उतरणाऱ्या एकेरी रस्त्यावर पाहुण्यांच्या मोटारींची रांग लागली होती. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी शेवटच्या मोटारीपासून एकेक मोटार मागे घ्यावी लागली. मुलाने पुढे मला सांगितले, "डॉक्टर, बावीस मिनिटे लागली. मी घड्याळाकडेच बघत होतो."

गृहस्थ वाचले. पण हृदयाच्या स्नायूला रक्त न मिळता गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. त्यांच्या हृदयाची ताकद आता कमी झाली आहे आणि चढ आला की त्यांना धाप लागते. त्या रांगेत कोणीही मुद्दाम वाट अडवली नव्हती. प्रत्येक जण सणाला, नातेवाइकांकडे, मुलाबाळांना घेऊन निघाला होता. त्यांपैकी किती जणांना पलीकडे मोटारीची खरोखर गरज होती, एवढाच प्रश्न माझ्या मनात राहिला.

रांगेत अडकणे हे निरोगी माणसालाही त्रासाचे असते; आजारी माणसाला ते धोक्याचे ठरू शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेऊन, 'पलीकडे जाऊन नाश्ता करू' म्हणत निघालेल्या मधुमेही व्यक्तीची साखर रांगेतच खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. पण मे महिन्यात बंद मोटारीत बसलेल्याला घाम उकाड्याचा वाटतो आणि इशारा ध्यानात येत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेले ज्येष्ठ पुरुष लघवीला जाता येणार नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जंतुसंसर्गाला आणि उन्हाळ्यात चक्कर येण्याला ते निमंत्रणच. म्हणून नदी ओलांडून येणाऱ्या मधुमेही रुग्णांना मी सांगतो : औषध घेतले की खाल्ल्याशिवाय घर सोडू नका, आणि खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवा.

मोटारीवाचून एवढी माणसे नदी ओलांडू शकतील का, अशी शंका कोणी काढली की मला १९८६ चा पावसाळा आठवतो. त्या वर्षी ५ जुलैला पणजीजवळचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. पणजी आणि बेती यांच्यामध्ये फेरीबोटी माणसांनी भरभरून जात-येत. एका काठावर बसमधून उतरायचे, चालत बोटीत चढायचे, पलीकडे दुसरी बस पकडायची. छत्र्या, डबे, शाळेची दप्तरे, माशांच्या पाट्या, सगळे माणसांच्या हातांत. हाल झाले, उशीर झाला. पण कचेऱ्या चालल्या, शाळा भरल्या, बाजार भरला. बोट माणसांसाठी चालवली तर ती किती माणसे नेऊ शकते, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. त्या काळात दोन्ही काठांवर पुढचे वाहन उभे असे, हे त्यातले महत्त्वाचे. आजही पर्यायांची गुरुकिल्ली तीच आहे : पलीकडे उतरल्यावर पुढे कसे जायचे, याची सोय आधी हवी.

ती सोय निरनिराळ्या कुटुंबांनी आपापल्या परीने केलेली मी पाहिली आहे. दिवाडीच्या एका कुटुंबाने मोटार जुन्या गोव्यात नातेवाइकांच्या अंगणात कायमची ठेवली आहे आणि बेटावर एक जुनी स्कूटर. सकाळी स्कूटर धक्क्यावर लावायची, चालत बोटीत चढायचे, पलीकडे मोटार घ्यायची. त्या घरातला मुलगा सांगतो, की पूर्वी कामावर किती वाजता पोहोचेन ते रांगेवर अवलंबून असे. आता बोटीच्या वेळेवर अवलंबून असते. दुसऱ्या एका घरी चार सख्खे शेजारी मिळून महिन्याचा किराणा, तांदळाची पोती आणि जड सामान एकाच टेम्पोतून आणवतात. चार मोटारींच्या चार खेपा वाचल्या. रोजच्या भाजीपाल्यासाठी त्या घरच्या काकूंनी चाकांची पिशवी घेतली आहे. गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून उतारू नेणारे 'पायलट' असतात; एकट्या, सडसडीत माणसाला त्यांच्यासारखी सोय नाही. मात्र मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे, हे मी प्रत्येकाला बजावतो.

घरच्या घरी करता येण्याजोग्या या गोष्टी झाल्या. गावाने मिळून केल्या तर आणखी बरेच होईल. फेरीबोटीच्या वेळेला जोडून धावणारी एखादी मिनीबस किंवा विजेवरची सामायिक रिक्षा, धक्क्याच्या अलीकडे मोटारी लावायला सावलीची जागा, बसायला बाक आणि एक स्वच्छ स्वच्छतागृह. शेवटच्या दोन गोष्टी ऐकून कोणी हसेल. पण ज्येष्ठ नागरिकाला पायी प्रवास जमेल की नाही, हे पुष्कळदा बाक आणि स्वच्छतागृह यांवरच ठरते.

नदीवरच्या फेरीची ही कथा समुद्रावरच्या फेऱ्यांनाही चुकलेली नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांसाठी, रस्त्याने तेवढेच अंतर मोटारीने जायला जो खर्च येईल त्याच्याशी बोटीचे भाडे जोडण्याचे धोरण २००८ मध्ये काही मार्गांवर सुरू झाले आणि २०१५ पर्यंत त्या किनाऱ्यावरच्या सर्व बेटांपर्यंत पोहोचले. भाडे उतरले, पर्यटन वाढले. पण उन्हाळ्यात पाहुण्यांच्या मोटारींनी बोटी भरू लागल्या आणि बेटावरच्याच माणसांना ऐनवेळी मोटारीसाठी जागा मिळेना, अशा तक्रारी येऊ लागल्या. उलट जर्मनीच्या उत्तर समुद्रातील यूस्ट या बेटावर खासगी मोटारच नाही. सामान घोडागाड्यांतून जाते, पाहुणे आपल्या बॅगा हातगाडीवर ठेवून ओढत नेतात. डॉक्टर आणि अग्निशमन दल यांना मात्र वाहनाची मुभा आहे. इंग्लिश खाडीतल्या सार्क नावाच्या चिमुकल्या बेटावर तर रुग्णवाहिकाही ट्रॅक्टरला जोडलेली असते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील पेंडर बेटावर रस्त्याच्या कडेला ठरावीक थांबे आहेत; तेथे उभ्या असलेल्या माणसाला त्या बाजूला चाललेला बेटवासी आपल्या गाडीत घेतो. आपल्याकडे गावातल्या माणसाला हात दाखवून गाडी थांबवण्याची पद्धत आहेच. तिला एक पाटी आणि एक बाक मिळाला, तर परगावच्या पाहुण्यालाही ती वापरता येईल.

आता आरोग्याचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. धक्क्यापर्यंत दहा मिनिटे आणि पलीकडे दहा मिनिटे चालले, तर जाऊन-येऊन दिवसाची चाळीस मिनिटे होतात. आठवड्यातून चार दिवस एवढे केले तरी १६० मिनिटे भरतात. चाल मात्र थोडी झपाट्याची हवी. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत. जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणे मधुमेहींची साखर फार चढू देत नाही. गुडघे दुखतात म्हणून चालणे सोडणाऱ्यांना मी सांगतो, की मांडीचे स्नायू बळकट राहिले तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. बेताचे, सपाट वाटेवरचे चालणे झिजलेल्या गुडघ्यालाही हितकारकच असते. काठी वापरायची असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा उपयोग होत नाही अशी तक्रार करतात.

पायी नदी ओलांडणाऱ्यांसाठी आणखी काही सूचना. ओहोटीच्या वेळी बोट खाली लागते, धक्क्याचा उतार अधिक चालावा लागतो आणि पाण्याखालून उघडा पडलेला भाग शेवाळाने निसरडा असतो. ज्येष्ठांनी शक्य तर भरतीच्या आसपासची वेळ निवडावी आणि गुळगुळीत तळव्यांच्या चपलांऐवजी खाचा असलेल्या तळव्यांची, मागे पट्टा असलेली पादत्राणे घालावीत. पावसाळ्यात छत्रीपेक्षा रेनकोट बरा. दोन्ही हात कठड्याला धरायला मोकळे राहतात. सामान एका हातात दहा किलो न घेता दोन हातांत विभागावे किंवा पाठीवरच्या पिशवीत दोन्ही खांद्यांवर घ्यावे. बोट पूर्ण टेकून फळी खाली येईपर्यंत जागा सोडू नये आणि वाहनांच्या मधून वाट काढू नये. लहान मुलाचा हात धरावा. खांद्यावर बसवून फळीवरून उतरू नये. मोटार न्यावीच लागली, तर बोटीवर इंजिन बंद ठेवावे. धूर आजूबाजूला उभ्या असलेल्यांच्या छातीत जातो आणि त्यांत दम्याचा रुग्ण असू शकतो.

मोटार न्यावीच लागली, असे मी जाणूनबुजून लिहिले. पायी चालण्याचा उपदेश चालू शकणाऱ्यालाच करावा. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा जाणारा रुग्ण, नुकतीच सांध्याची शस्त्रक्रिया झालेली आजी, श्वसनाचा जुना विकार असलेले आजोबा, दिवस भरलेली गर्भवती यांच्यासाठी मोटार ही चैन नाही. ज्यांची बावीस मिनिटे गेली ते गृहस्थही आता त्यांच्यातच मोडतात. मुलाच्या मोटारीशिवाय त्यांना दवाखान्यात येता येत नाही. रुग्णालयात खाटा मोजक्या असतात तेव्हा आम्ही डॉक्टर त्या आधी कोणाला द्यायच्या ते ठरवतो. फेरीबोटीवरच्या मोटारींच्या जागाही मोजक्याच आहेत. ज्याला चालता येते त्याने आपली गाडी अलीकडे ठेवली, तर ती जागा ज्याला चालता येत नाही त्याला मिळते. चालण्याने त्याच्या स्वतःच्या प्रकृतीला होणारा लाभ वेगळाच.

काही खेपा तर कोणीच करण्याची गरज नसते. उपाशीपोटी रक्त तपासायचे म्हणून साखरेच्या रुग्णाने पहाटे रांगेत उभे राहण्यापेक्षा, रक्त घेणाऱ्या एका तंत्रज्ञाने स्कूटरवरून बेटावर जाऊन दहा घरचे नमुने आणावेत. मी बेटावरच्या रुग्णांचे नमुने आठवड्यातल्या एकाच ठरलेल्या सकाळी गोळा करण्याची व्यवस्था एका प्रयोगशाळेशी लावून घेतली आहे. दीर्घकाळच्या आजारांची औषधे एकदम दोन महिन्यांची लिहून देतो आणि मधल्या महिन्यात रक्तदाबाचे, साखरेचे आकडे फोनवर घेतो. सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, तिच्यावरून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. बेटावरच्यांना मी सकाळी अकरानंतरची वेळ देतो. तोवर कचेरीला जाणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते, खाऊनपिऊन शांतपणे निघता येते. यांतले काहीही अवघड नाही. नदीकाठच्या कोणत्याही दवाखान्याला ते करता येईल. ज्या लक्षणांना मात्र फोन किंवा ठरलेली वेळ चालत नाही, ती घराच्या भिंतीवर लिहून ठेवावीत : छातीत दाबल्यासारखे दुखणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक श्वास लागणे. अशा वेळी आपल्या मोटारीची वाट न पाहता १०८ वर फोन करावा आणि दुसऱ्या कोणीतरी धक्क्यावर कळवावे, म्हणजे बोट थांबवून ठेवता येते.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरामचा उत्सव असतो. गोव्यातूनच नव्हे, कोल्हापूर-बेळगावकडूनही माणसे येतात. आपण येणार असाल तर अवश्य या. मोटार जुन्या गोव्यात लावा, टोपी घाला, पाण्याची बाटली घ्या आणि चालत बोटीत चढा. पलीकडच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पावसाळी शेते हिरवीगार पसरलेली असतात. मोटारीच्या काचेतून ती भर्रकन मागे जातात, पायी चालणाऱ्याला ती पुरेपूर मिळतात. त्या दिवशी धक्क्याकडे जाणारा रस्ता मोकळा राहिला, तर बेटावरच्या एखाद्या घरी, ज्याचे नावही आपल्याला कधी कळणार नाही, आपल्या चालण्याचा उपयोग झालेला असेल.